पिंडाला कावळा शिवेना : मरणादारी हसावं की नाही?

प्रॉम्प्टर

मंडळी, अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एक प्रहसन असतं आणि ते लिहायचं काम कधीपासून माझ्याच गळ्यात आहे. यंदा 'कावळा' लिहिलं. आजोबा गेलेत, दहाव्याला सगळे घाटावर जमलेत, पिंड मांडलाय आणि कावळा काही केल्या शिवत नाही. मग एकेक जण पुढे येऊन कबुली देतो. थोरला म्हणतो, 'आईला मीच सांभाळीन.' कावळा ढिम्म. धाकटा म्हणतो, 'गावचं घर विकणार नाही.' कावळा मान फिरवतो. जावई म्हणतो, 'मामांकडून घेतलेले पैसे परत करीन,' तेव्हा कावळा एक उडी पुढे येतो. जावई घाईघाईने 'हप्त्याहप्त्याने' असं जोडतो, की कावळा परत मागे. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून सांगतात, 'आजोबांची पार्किंगची जागा कुणाला देणार नाही,' आणि कावळा झडप घालतो.

वाचन झालं, लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका काकूंचा फोन. हे नको. बी विंगमध्ये आषाढात एक मृत्यू झालाय. आणि एकूणच मरण, आजारपण, दुष्काळ, जात, धर्म हे चार लोकांत हसण्याचे विषय नव्हेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असा नियम विषयाला लावता येत नाही. मरणावर हसायचं नाही म्हटलं तर मराठी माणसाची बोलायचीच पंचाईत होईल. 'विश्वास? तो तर पानिपतातच गेला' हे आपण उसने पैसे मागणाऱ्याला बिनदिक्कत ऐकवतो. १४ जानेवारी १७६१ ला पडलेला तो विश्वासराव विशीचाही नव्हता. 'ध चा मा' आपण टायपिंगच्या चुकीला म्हणतो. 'काका मला वाचवा' तर राजकारणातल्या दर काका-पुतण्यांच्या भांडणात नव्याने निघतं. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीत, अठरा वर्षांच्या पोराला गारद्यांनी शनिवारवाड्यात कापला, त्याची हाक आहे ती. त्यावर हसल्याबद्दल कुणी कुणाची माफी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग हरकत नेमकी कधी आणि कशाला असते? काकू मोडता घालतायत म्हणून चिडून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

पेठेतला

उत्तर तुमच्याच लेखात आहे. मध्ये काळ किती गेला ते बघा. नारायणरावाची गंगाबाई तेव्हा गरोदर होती. तिच्या देखत 'ध चा मा' करायची कुणाची छाती झाली असती? आज तिच्या जागी कुणी नाही, म्हणून आपण करतो. सुतक फिटलं की विनोद सुरू. बी विंगला अडीचशे वर्षं थांबायला सांगा. (हलकेच घ्या.)

सातासमुद्रापार

किती काळ ते ठरवायचं कुणी? इथे अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर 'द ऑनियन' या व्यंगपत्राने २६ सप्टेंबरला, म्हणजे पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, हल्ल्यावरच अख्खा अंक काढला. ऑफिसही तेव्हा न्यूयॉर्कमध्येच. अंक लोकांनी डोक्यावर घेतला. कारण त्यात मेलेल्यांची टिंगल नव्हती. विमानं आदळवणारे आपण नरकात पोचलो हे बघून चक्रावलेत, अशी एक बातमी. काय करावं कळेना म्हणून एका बाईने झेंड्याच्या रंगांचा केक भाजला, अशी दुसरी. त्या दिवसांत आम्ही सगळेच केक भाजणाऱ्या बाईच्या जागी होतो. राख अजून धुमसत होती आणि हसू आलं.

फुकटचा सल्लागार

रुमाल टाकून ठेवतो. जात आणि धर्म हे दोन शब्द पहिल्याच लेखात आलेत म्हणजे प्रतिसादांची शंभरी नक्की.

रात्रपाळी

सरकारी दवाखान्यात नर्स आहे, गाव विचारू नका. अपघात विभागात रात्री दोन वाजता आम्ही जे बोलतो ते इथे लिहिलं तर संपादक आयडी उडवतील. एकच सांगते. एका रात्री लागोपाठ तिघे गेले. चौथा आला, त्याला नळी घालून झाली तसा वॉर्डबॉय त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, 'दादा, आज जाऊ नका, खाली जागा नाही.' आम्ही सगळे हसलो. नसतो हसलो तर पाचव्याची शीर शोधताना माझा हात थरथरला असता. (चौथा वाचला. पुढे पेढे घेऊन आला होता.) दारात नातेवाईक दिसला की तोच वॉर्डबॉय 'काका, बसा, पाणी घ्या' म्हणतो. हे त्याला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

कोविडात पीपीई घातल्यावर कोण कोण ते कळायचं नाही म्हणून आम्ही पाठीवर नावं लिहायचो. एका मुलीने नावाऐवजी 'लग्नाची आहे' असं लिहून घेतलं. ऑक्सिजनवरचे पेशंट मास्कच्या आत हसायचे. वरिष्ठांनी पुसायला लावलं.

तेव्हा काळाचं गणित मला पटत नाही. आमच्याकडे मध्ये दहा मिनिटंही जात नाहीत. ऐकायला कोण बसलंय तेवढं बघावं लागतं.

वऱ्हाडी ठेचा

सिस्टरनं बराबर सांगतलं.

राजेहो, आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हंजे मोठा पुतळा, निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. संगं बडगे. बडग्या म्हंजे त्या वर्षी लोकायच्या उरावर जे काही बसलं असंन ते : महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, नाहीतं एखादा पुढारी. त्याच्या गळ्यातल्या पाटीवर जे लिहिलं असते ते इथं टाकलं तं संपादक मलेच जाळतीन. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हनत लोक नाचत जातात आन् शेवटी पुतळे जाळून टाकतात. रोगराई गंभीर विषय हाये, नाचू नका, असं कोनी म्हनन का?

पन दुसरी गोष्टही आयका. मामाचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पारावर कास्तकार बसले होते. एक जन म्हने, 'कृषी केंद्रवाला फवारनीचं औषध आता उधार देत नाही. म्हंते, तूच पेला तं पैसे कोनाले मांगू?' पारावरचे सारे खदखदा हासले. ज्यायच्या घरी तसं झालं होतं तेही हासले. माह्या मावसभावानं तो जोक उचलला आन् पुण्यात लग्नामंदी, हळदीच्या दिवशी, डीजे थांबवून माइकवर सांगतला. शब्द तेच, वर वऱ्हाडी बोलीची नक्कल. टाळ्याही पडल्या. मामा ताटावरून उठला.

पारावरचा अन् माइकवरचा, दोहीत आठ दिवसाचंही अंतर नव्हतं. आता बोला.

पेठेतला

लग्नात आत्महत्येचा जोक हा औचित्याचा भाग झाला. पुण्याचा काय संबंध?

वऱ्हाडी ठेचा

पुन्याचा काहीच संबंध नाही भाऊ. हासनारे पुन्यातले होते एवढंच.

बॉयकट

मी थोडं उलट बाजूने लिहिते. गेल्या वर्षी केमो झाली. केस गेले. त्यापेक्षा विचित्र काय वाटलं असेल तर घरात माणसं माझ्याशी विनोद करायची थांबली. ज्या नणंदेशी जन्मभर टोमण्यांचा व्यवहार, ती 'वहिनी, तुम्ही पडा जरा' म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, म्हटलं डॉक्टरांनी हिला काही वेगळं सांगितलं की काय. शेवटी भाच्याने विचारलं, 'मामी, शाम्पूचे पैसे वाचतायत त्यात माझा वाटा किती?' सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागले आणि मी टाके दुखेपर्यंत हसले. तुमचा विषय नाजूक म्हणून तुम्हाला हसण्यातून वगळायचं, हे एक प्रकारचं वाळीत टाकणंच की. प्रॉम्प्टर, बी विंगमध्ये कुणी विचारलंय का? की काकूंनी त्यांच्या वतीने परस्पर वाईट वाटून घेतलं?

आणि ऐकायला कोण बसलंय यावरून आठवलं. आमच्या गावच्या सप्ताहात नाथांचं भारूड व्हायचं, 'सत्वर पाव गे मला'. त्यातली सून भवानीआईला रोडगा कबूल करून काय मागते? 'सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.' मग सासू, जाऊ, नणंदेचं पोर, नवरा, एकेकाचा नंबर. आणि शेवटी एकटीच राहू दे मला. सोळाव्या शतकातलं आहे हे, आणि तेही पैठणच्या संताने लिहिलेलं.

पेठेतला

ते रूपक आहे हो. सासरा म्हणजे अहंकार वगैरे.

बॉयकट

रूपक बुवांना. पहिल्या रांगेत बसलेल्या सासवांना सासूच ऐकू यायची, आणि सगळ्यात मोठ्याने त्याच हसायच्या. कारण त्याही कधीतरी सुना होत्या.

माडाखाली

गोव्यात तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, बघताना हे फार जाणवतं. रंगमंचावर कुणाचा तरी बाप मरतो, बायका डोळे पुसतात, पडदा पडतो आणि पुढच्या मिनिटाला एक जण येऊन कांतार, म्हणजे गाणं, म्हणायला लागतो : खाण, कॅसिनो, पक्ष बदलणारे आमदार. नाटकाच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नसतो. लोक ओल्या डोळ्यांनीच हसतात, 'वन्स मोर' घेतात आणि परत रडायला बसतात. तिथे दोन्ही करायला मुभा आहे हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं.

चौथा बाक

इतका वेळ नुसता वाचत होतो. मरण ठीक आहे, ते सगळ्यांना आहे. जातीचं काय ते मी लिहितो.

मी अकरावीला केंद्रीय बोर्डाच्या शाळेत होतो, २०१२ च्या आधी. राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं २८ ऑगस्ट १९४९ चं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर लिहिलंय 'राज्यघटना', तिच्यावर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, आणि मागे जमलेली बघ्यांची गर्दी. चित्राखाली प्रश्न होते. घटना लिहायला जवळजवळ तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकाराला हेच सुचवायचंय का, एवढा वेळ का लागला असेल, वगैरे. प्रश्न चांगले होते, आजही तसंच म्हणतो. पण ते पान उघडलं तेव्हा वर्गातली अर्धी डोकी चित्राकडे न बघता माझ्याकडे वळली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्षभर मला 'गोगलगाय' म्हणायचे. सरांनी प्रश्न घेतलेच नाहीत, 'हे परीक्षेला येत नाही' म्हणून पान उलटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी माफी मागितली, चित्र काढून टाकायचं ठरलं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयात घुसून मोडतोड केली गेली. त्या मोडतोडीची लाज मला तेव्हाही वाटली. पळशीकरांनी त्या पुस्तकात बाबासाहेबांना कमी लेखलेलं नव्हतं.

पण पेठेतले साहेब, तुमचं काळाचं माप इथे उलटं पडतं. १९४९ साली, बाबासाहेब हयात असताना, त्या चित्रावर काही झालं नाही. त्रेसष्ट वर्षांनी झालं. पानिपत थंड होत गेलं आणि हे चित्र तापत गेलं. असं का, ते सांगा.

पेठेतला

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलंय असं मी म्हणेन. घटना समितीतल्या नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला, म्हणजे ड्राफ्टिंग कमिटीला, 'ड्रिफ्टिंग कमिटी' म्हणून चिमटा काढला होता. नुसती वाहवत चाललेली समिती. विलंबाचीच थट्टा, गोगलगायीचीच. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी काय केलं? आधी हिशोब दिला : मसुदा समिती १४१ दिवस बसली, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना किती वेळ लागला, आपल्या घटनेत कलमं किती, दुरुस्त्या किती आल्या. आणि मग नझिरुद्दीनसाहेबांना सांगितलं की वाहवत जाणं दोन तऱ्हांचं असतं, सूत्रं हातात नसताना आणि सूत्रं हातात असताना. आम्ही लागला तर लागला म्हणून गळ टाकून बसलो नव्हतो, ओळखीच्या पाण्यात हवा तोच मासा शोधत होतो. विनोदाला विनोदाने उत्तर. मागणी ना माफीची, ना बंदीची. त्यांच्या अनुयायांनी तेवढा मोठेपणा दाखवायला काय हरकत होती?

चौथा बाक

भाषण मीही वाचलंय. उलट त्यावरून माझाच मुद्दा पक्का होतो. बाबासाहेब सभागृहात उभे होते. माइक त्यांच्यासमोर होता, बोलण्याची पाळी त्यांची होती, अध्यक्ष राजेंद्रप्रसाद ऐकत होते आणि चिमटा काढणाराही समोरच बसलेला होता. बरोबरीच्या माणसाने काढलेला चिमटा होता तो. मी चौथ्या बाकावर होतो, सरांनी पान उलटलेलं होतं. मला १४१ दिवस कुठे माहीत होते? माहीत असते तरी उभं राहून बोलायला सांगितलं होतं कुणी?

आणि 'अनुयायांनी मोठेपणा दाखवावा' हे तुम्ही कुठून बोलताय ते जरा बघा. ज्याच्यावर हसतात त्यानेच दर वेळी मोठेपणाही दाखवायचा?

फुकटचा सल्लागार

पॉपकॉर्न.

संपादक मंडळ

तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषय चांगला चालला आहे, व्यक्तिगत होऊ नका. आरक्षणासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा.

उजनीकाठ

चौथा बाक यांच्याशी सहमत. आमच्याकडचा दाखला देतो, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला. एप्रिल २०१३, दुष्काळाचं वर्ष, इंदापूर तालुक्यातली सभा. आमच्या भागातला एक शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री भाषणात म्हणाले, धरणात पाणीच नाही तर सोडणार कुठून, आणि मग 'तिथे लघवी करायची का?' हे वाक्य. लगोलग लोडशेडिंगवर दुसरा विनोद, रात्री वीज नसते म्हणून पोरं जास्त होतात, असा.

नंतर माफी मागितली, कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर बसले. ते सगळं झालं. पण त्या सभेत लोक हसले होते. चित्रफितीत ऐकू येतं. हसणारे कुणी परके नव्हते, त्याच तालुक्यातले, त्याच पाण्याची वाट बघणारे. आमच्या गावात टँकरच्या रांगेत बायका याहून कितीतरी खालच्या पातळीवरचं बोलत होत्या, त्याच धरणाबद्दल आणि त्याच नेत्यांबद्दल. ते कधी बातमीत आलं नाही आणि यायचं कारणही नव्हतं. धरणाच्या चाव्या ज्याच्या खिशात त्याने धरण रिकामं असल्यावर विनोद केला की तो विनोद राहत नाही, ते उत्तर होतं. 'पाणी मिळणार नाही' असं उत्तर.

रात्रपाळी ताई म्हणतात ऐकायला कोण बसलंय ते बघावं. मी म्हणतो सांगायला कोण उभं आहे तेही बघा. वॉर्डबॉयचा विनोद दवाखान्याच्या अधीक्षकाने पत्रकार परिषदेत केला असता तर?

रात्रपाळी

खरं आहे. 'खाली जागा नाही' हे त्याच्या तोंडी गेलं असतं तर आम्हीच मोर्चा काढला असता.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात, कारण धाग्यात कुणीतरी '२९५ लावा' म्हणणारच होतं. जुन्या दंडसंहितेतलं २९५-क आता भारतीय न्यायसंहितेत २९९ झालंय. त्यात धार्मिक भावना दुखावणं एवढं पुरत नाही, ते जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेलं असावं लागतं. कागदावर हा उंबरठा उंच आहे. प्रत्यक्षात अटक आधी होते आणि उंबरठा नंतर मोजतात. मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये धरलं, सर्वोच्च न्यायालयाचा जामीन फेब्रुवारीत.

कोणते विनोद चालतील याची यादी न्यायालयाकडून मागू नका. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदीची याचिका आली होती, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नागरिकांसाठी नैतिक नियमावली करणं आमचं काम नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अपंगांवर विनोद करणाऱ्या काही विनोदवीरांना आपापल्या चॅनलवरून जाहीर माफी मागायला लावली. एसएमए या स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्यांची संस्था न्यायालयात गेली होती. एका तान्ह्या बाळाला लागणाऱ्या सोळा कोटींच्या इंजेक्शनवर विनोद झाला होता. म्हणजे आठ वर्षांत न्यायालयाचा सूरही बदलला. मला वैयक्तिक विचाराल तर माफीचा आदेश मला खटकतो, आणि तो विनोदही खटकतो.

सातासमुद्रापार

सोळा कोटी हा आकडा विनोदाला आयता विषय आहे, पण त्याचा रोख कंपनीवर हवा ना. एका बाळाच्या इंजेक्शनचे सोळा कोटी घेणारी ती. बाळाच्या आईने पैसे बघावेत की पोर, यावर कसला विनोद करायचा?

वऱ्हाडी ठेचा

+१. बडग्या कंपनीचा करा, बाळाचा नको.

प्रॉम्प्टर

बरंच काही आलंय. बॉयकट, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : नाही, बी विंगमध्ये कुणी विचारलेलं नाही. मी जाणार होतो, पण जिन्यातच प्रश्न पडला की विचारायचं कसं? 'आमच्या प्रहसनाने तुम्हाला वाईट वाटेल का हो?' असं विचारलं तर सभ्य माणूस 'छे छे, करा की' याखेरीज काय म्हणणार? म्हणजे परवानगीही त्यांनीच द्यायची आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून हसायचंही त्यांनीच. चौथा बाक म्हणतात तो सक्तीचा मोठेपणा हाच.

बॉयकट

विचारू नका, वाचायला द्या. संहिता हातात ठेवून या आणि चहाला थांबू नका. हसायचं की नाही ते त्यांना दार लावून ठरवू दे. आणि एक आत्ताच सांगते, जावयाचं ते 'हप्त्याहप्त्याने' अजिबात काढू नका.

उजनीकाठ

त्यांनी 'नको' म्हटलं तर पुढच्या वर्षी करा. कावळा कुठे पळून जात नाही.

पेठेतला

बघा, शेवटी काळच आला!

बरं, एक राहिलंय. सप्टेंबर २०१६ मधलं 'सामना'च्या रविवार पुरवणीतलं व्यंगचित्र. मूक मोर्चाचा 'मुका मोर्चा'. ते बरोबरीच्यांतलंच होतं ना? काढणारे मराठी, मोर्चेकरी मराठी, वाचकही मराठी. तरी कार्यालयांवर दगड पडले आणि पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. मग तिथे 'कोण बसलंय' चं सूत्र कुठे गेलं?

रात्रपाळी

ते कोपर्डीच्या मुलीसाठी निघालेले मोर्चे होते. जुलैत तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं आणि सप्टेंबरात मुक्याचा विनोद. मी गेले होते एका मोर्चाला. पुढे शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या. चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात आरक्षणाचं राजकारण असेल, पुढारी असतील. पण पुढे चालणाऱ्या मुली त्याला दिसल्याच नाहीत. दगडांचं समर्थन नाही. पण तुम्ही सूत्र विचारलंत म्हणून सांगितलं.

पेठेतला

हे मान्य. मुलींकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

पण मग चौथा बाक, मला शेवटचं एक सांगा. तुमच्या हिशोबाने शंकर यांचं ते चित्र पुस्तकातून काढलं ते योग्यच झालं? नंतर थोरात समिती नेमली, तिने पुस्तकांतली आणखीही व्यंगचित्रं काढायला सांगितली. समितीतले एम. एस. एस. पांडियन एकटेच विरोधी मत नोंदवून मोकळे झाले. सगळीच गोगलगाय वगळली की मुलांना काय शिल्लक राहतं? कोरं पान?

चौथा बाक

नाही, काढायला नको होतं. हे मी आमच्या वस्तीतही बोलतो आणि तिथे शिव्या खातो.

माझं म्हणणं असं की चित्र ठेवा, आणि शेजारच्या चौकटीत २५ नोव्हेंबरच्या भाषणातला तो उतारा छापा. नझिरुद्दीन अहमदांचा चिमटा, १४१ दिवस, ओळखीच्या पाण्यातला मासा, सगळं. म्हणजे पान उघडल्यावर वर्ग माझ्याकडे वळला तरी माझ्या हातात वाचून दाखवायला काहीतरी असेल. आणि परीक्षेला दहा मार्कांचा प्रश्न ठेवा, म्हणजे सरांना पान उलटता येणार नाही.

कोर्टकचेरी

दहा जास्त होतात. सहा.

चौथा बाक

आठ. त्याखाली येणार नाही.